शाळा सुटल्यानंतरचा प्रहर : पुण्याच्या पेठांतील तालमी, मेळे व त्यांचे कागद

ताम्रपट, सनदा, महजर, बखरी आणि पोथ्या ह्यांना ह्या पृष्ठांत जें स्थान मिळत आलें आहे, तेथें एखाद्या तालमीच्या वर्गणीच्या वहीनें येऊन बसावें हें कांहीं सभासदांस रुचणार नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या आयुष्याचा मोठा भाग संस्कृत पोथ्यांच्या संगतींत गेला असल्यामुळें त्यालाहि तें प्रथम रुचलें नव्हतें. आणि त्या अरुचीची किंमत काय पडली तें पुढें यावयाचें आहेच.

लेखास निमित्त घडलें तें असें. माझ्या शेजारीं एक बाई राहतात. चार घरचा स्वयंपाक उरकून त्या रात्रीं आठास परततात. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. दोघेंहि साडेपांचास शाळेंतून घरीं येतात. एके दिवशीं त्यांनीं मला विचारलें, “गुरुजी, साडेपांच ते आठ पोरांना कुठं धाडूं? चित्रकलेच्या क्लासाची चौकशी केली, स्केटिंगची केली. फी ऐकली अन् तशीच मागं फिरले. तुमच्या लहानपणी तुम्ही कुठं जात होता?” “तालमींत,” मीं म्हणालों. “तिथं किती घ्यायचे?” ह्या पुढच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर देतां आलें नाहीं. पेठेंत जन्म काढलेल्या व पस्तीस वर्षें मुलांना शिकविलेल्या मनुष्याला हें ठाऊक नसावें ह्याची लाज वाटली, आणि चौकशीस आरंभ झाला.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे कीं, ‘शाळा सुटल्यानंतरचा वेळ’ ही कल्पनाच फारशी जुनी नाहीं. पंतोजीच्या शाळेला घंटा नव्हती. मुलें सकाळीं येत, जेवणास घरीं जात, पुन्हां येत. पंतोजीच्या घरचीं बारीकसारीक कामेंहि त्याच दिवसांत बसत. सुताराचा, कोष्ट्याचा किंवा कुणब्याचा मुलगा तर बापाच्या हाताखालींच वाढे. शिकणें, काम आणि खेळ ह्यांच्यामध्यें घड्याळानें आंखलेली रेघ नव्हती. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत सरकारी शिक्षणखातें सुरू झालें. तपासनीस आले, वेळापत्रकें आलीं, अकरा ते पांच हा इंग्रजी शाळेचा दिवस शहरांत रूढ झाला, आणि दिवसाच्या शेवटीं एक मोकळा प्रहर प्रथमच उघडा पडला. पुढें १९१८ च्या कायद्यानें इलाख्यांतील नगरपालिकांना आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा मिळाली. तेव्हां ज्यांच्या घरीं अंगण नव्हतें व पुस्तकहि नव्हतें अशांच्या मुलांच्या वांट्यासहि हा प्रहर येऊं लागला. त्यांचे आईबाप तेव्हांहि त्या वेळीं कामावरच असत. शेजारच्या बाईंचा प्रश्न इतका जुना आहे.

त्याला पेठेनें शोधलेलें सर्वांत जुनें उत्तर म्हणजे तालीम. शब्दापासूनच आरंभ करूं. ‘आखाडा’ हा शब्द व्युत्पत्तिकार संस्कृत ‘अक्षवाट’ ह्यापासून काढतात; ‘तालीम’ मात्र अरबी असून तिचा मूळ अर्थ ‘शिकविणें’ एवढाच आहे. वस्ताद म्हणजे उस्ताद, आणि जोर हा शब्द फार्सी. मारुतीच्या मूर्तीपुढें हीं सर्व नांवें पिढ्यान्‌पिढ्या बिनदिक्कत उच्चारलीं गेलीं, आणि कोणाला त्यांत विसंगति दिसली नाहीं. मराठींत तालीम म्हणजे व्यायामशाळा, आणि तालीम म्हणजे नाटकाची अथवा मेळ्याची पूर्वतयारीहि. दोन्हींकडे तो मूळचा अर्थ शाबूत राहिला आहे. मुलाला ‘तालमीला गेला’ म्हटल्यावर तो मातींत लोळत आहे कीं पदें घोकीत आहे हें श्रावणाच्या सुमारास घरच्यांनाहि विचारावें लागे.

संस्कृत ग्रंथांकडे मीं मोठ्या आशेनें वळलों. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त मल्लविनोदाचें प्रकरण आहे. मल्लांचे वय व बळ ह्यांवरून प्रकार, त्यांचा आहार, त्यांचे श्रम असें सर्व त्यांत येतें. त्यांतील स्तंभश्रमांत मल्लखांबाचें पूर्वरूप पाहण्याची चाल आहे. ज्येष्ठीमल्लांचें ‘मल्लपुराण’ सांडेसरा व मेहता ह्यांनीं संपादून १९६४ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. तेंहि मल्लविद्येच्या अभ्यासकाला अमोल आहे. परंतु ह्यांतील मल्ल एक तर राजाश्रयाचे, नाहीं तर कुळपरंपरेचे. आळींतल्या पोराला मातींत कोण उतरवीत असे आणि त्याबद्दल काय घेत असे, ही चौकशी ग्रंथकारांनीं केली नाहीं. त्यांना तिचें कारणहि नव्हतें.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर ह्यांनीं मल्लखांब पुन्हां प्रचारांत आणला ही परंपरा सर्वश्रुत आहे. निजामाकडून आलेल्या दोन मल्लांचें आव्हान व वणीची सप्तशृंगी ह्यांची कथाहि तिच्याबरोबर येते. ती कथा म्हणून ऐकावी. आपल्या विषयापुरता मुद्दा निराळाच आहे. मल्लखांब हें विलक्षण स्वस्त साधन होय. सागाचा अथवा शिसवाचा एक खांब, त्याला चोळावयास थोडें एरंडेल, आणि भोंवतीं तीस पोरें. प्रत्येकाच्या वांट्यास दोन-तीन उड्या येतात. बाकीचा वेळ दुसऱ्याची उडी पाहण्यांत व ती चुकली कीं हंसण्यांत जातो, आणि त्या पाहण्यांतच निम्मी विद्या येते. तालमीचा सारा हिशेब ह्या तत्त्वावर बसलेला आहे : साधन एक, शिकविणारा एक, शिकणारे कितीहि. आजच्या क्लासांत प्रत्येक मुलामागें चाकांचे बूट निराळे, रंगाची पेटी निराळी, आणि खोलीचें भाडें सर्वांवर वांटलेलें. शुल्क वाढतें तें ह्यामुळें. क्लास चालविणाऱ्याला लोभी म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं.

एकोणिसाव्या शतकांतील पुण्याच्या तालमींपैकीं जिच्याविषयीं निश्चित कांहीं बोलतां येतें अशी एक म्हणजे गंज पेठेंतील लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) ह्यांची. जोतीराव फुले व त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे लहुजींपाशीं दांडपट्टा व नेमबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडके ह्यांचेंहि नांव त्यांच्या शिष्यांत घेतलें जातें. गुरु मातंग, शिष्यांत माळी आणि ब्राह्मण! १८४८ नंतर जोतीरावांनीं ज्या शाळा काढल्या त्यांसाठीं मुलें जमविण्यास लहुजींनीं साह्य केलें, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तेव्हां तालीम शाळेला मुलें पुरवीत होती. पन्नास वर्षांनंतर पांचाची घंटा झाली कीं शाळा तालमीला मुलें पुरवूं लागली. मात्र सर्वच तालमींचें दार लहुजींच्या तालमीइतकें उघडें होतें असें कोणीं समजूं नये. पुष्कळ तालमी आळीच्या, आणि आळी जातीची. ‘स्वस्त’ आणि ‘सर्वांस खुलें’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि जुन्या काळाच्या कौतुकांत हा भेद बुजवूं नये.

मुलांच्या व्यायामाची संस्था सरकारी कागदांत ठसठशीतपणें शिरली ती मात्र पोलिसांच्या हातून. चापेकर बंधूंनीं पुण्यांत मुलांना जमवून व्यायाम व लष्करी धर्तीचें शिक्षण देण्यासाठीं एक मंडळी काढली होती. २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर तिचा शोध सुरू झाला, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालांत तर आरंभींच्याच पृष्ठांत तिची दखल आहे. दामोदर चापेकर ह्यांच्या आत्मवृत्तांतूनहि पोरें जमविण्याची ती खटपट दिसते. ज्या तालमींत पोरें नुसतीच घाम गाळून, पाय धुऊन दिवेलागणीस घरीं गेलीं, तिच्याविषयीं सरकारी दप्तर गप्प आहे. संशोधकाला गुन्ह्याच्या कागदांवर विसंबून राहावें लागतें, आणि मग त्याच्या इतिहासांत प्रत्येक तालीम कटाचें घर दिसूं लागते.

ह्यानंतरचा काळ नियमांचा व वार्षिक वृत्तांतांचा. डेक्कन जिमखाना १९०६ सालीं निघाला. खोखोचे नियम त्यानेंच १९१४ सालीं बांधून दिले. हुतूतूचे अखिल भारतीय सामने १९२३ सालीं बडोद्यास झाले. खोखोला दोन खुंट लागतात आणि हुतूतूला जमिनीवर ओढलेली एक रेघ; ह्याहून कमी भांडवलाचा खेळ मला ठाऊक नाहीं, आणि नियम छापले गेल्यामुळें तो एका आळींतून दुसरींत, एका गांवांतून दुसऱ्यांत तसाच्या तसा जाऊं शकला. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा चालविणाऱ्या माणिकरावांनीं सांघिक व्यायामाचा प्रसार केला, म्हणजे एका शिक्षकाला शंभर मुलें एका वेळीं हलवितां येऊं लागलीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चें. त्याचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ दाखवून आलें. पुण्यांत शिवरामपंत दामले ह्यांनीं १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापिलें. १९२५ चा राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व १९४१ चें राष्ट्र सेवा दल ह्यांच्या विचारांत दोन ध्रुवांचें अंतर असलें, तरी सायंकाळचें मैदान दोघांचेंहि बिनशुल्काचें होतें. मजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ बडोद्यास १९३६ ते १९४९ ह्या काळांत निघाला, त्यांत खेळ व कसरती ह्यांची बारीकसारीक माहिती आहे. ह्या संस्थांचा इतिहास लिहिणें अवघड नाहीं. त्यांनीं कार्यवृत्तें छापलीं, आणि जो छापतो तो इतिहासांत राहतो. आळींतला वस्ताद छापीत नव्हता.

ह्या न छापणाऱ्यांतच मेळ्यांचा समावेश करावयास हवा. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर, म्हणजे १८९३–९४ च्या सुमारास, मेळेहि उभे राहिले आणि पुढें अर्धें शतक पुण्याच्या मुलांना भाद्रपदापूर्वींचे दोन महिने सायंकाळीं काय करावें हा प्रश्न पडला नाहीं. पेटी एकाची, तबला दुसऱ्याचा, पदें रचणारा कोणी शाळामास्तर, आणि जागा वाड्याचा चौक. मुलें गाणें शिकत, ताल शिकत, समुदायासमोर न अडखळतां बोलावयास शिकत. शिकवणीचा पैसा कोणी मागत नसे. सन्मित्र समाज मेळ्यासारख्या कांहींचीं नांवें पुण्याच्या वृद्धांच्या तोंडीं पुष्कळ वर्षें टिकलीं. मेळ्यांचीं पदें सरकार डोळ्यांत तेल घालून वाचीत असे, त्यामुळें आक्षेपार्ह ठरलेलीं पदें जपलीं गेलीं. निरुपद्रवी पदांचीं तीं चिमुकलीं पुस्तकें मात्र पुढच्या भाद्रपदापर्यंतहि टिकत नसत. स्वातंत्र्यानंतर मेळे मागें पडत गेले. गायनाचें व्यवस्थित शिक्षण तोंपर्यंत वर्गांत आलें होतें. भास्करबुवा बखले ह्यांचा भारत गायन समाज १९११ चा, विनायकबुवा पटवर्धनांचें पुण्याचें गांधर्व महाविद्यालय १९३२ चें. त्यामुळें गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें राहिल्यावांचून गाणें शिकण्याची सोय झाली, आणि हा लाभ लहान नव्हे. पण तेथें वर्गाचें शुल्क होतें, मेळ्यांत तें नव्हतें.

येथवर मीं ‘मुलें’ असें लिहीत आलों. वस्तुतः हे बहुतेक मुलगेच होते. मुलींना मातीचें दार बंद होतें. १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा निघाल्यावर पुण्याच्या कांहीं मुलींनाहि घंटा आणि घंटेनंतरचा वेळ मिळाला, पण तो वेळ बहुधा धाकट्या भावंडाला कडेवर घेण्यांत जाई. त्यांच्या वांट्याचा एक सोहळा मात्र खरोखर आळीचा होता, तो भोंडला. सूर्य हस्त नक्षत्रीं आला कीं पाटावर हत्ती काढावयाचा, त्याभोंवतीं फेर धरावयाचा, आणि शेवटीं झांकलेली खिरापत ओळखावयाची. आज एकीच्या दारीं, उद्यां दुसरीच्या. खर्च काय तो खिरापतीचा, आणि तोहि पाळीपाळीनें वांटलेला. ज्या घरीं फुटाण्यांपलीकडे कांहीं नसे त्या घरच्या भोंडल्यालाहि मुली तितक्याच येत, कारण ओळखण्यांतली गंमत पदार्थाच्या किंमतीवर अवलंबून नसते. भोंडल्याच्या गाण्यांच्या हस्तलिखित वह्या कित्येक घरांत आजीच्या ट्रंकेंत सांपडतात. त्यांतील गाणीं लोकसाहित्याचे संग्राहक उतरून घेतात, पण कोणत्या दिवशीं कोणाच्या दारीं फेर झाला ह्याची समासांतली टीप ते सोडून देतात. मला ती टीप अधिक मोलाची वाटते.

पुण्याबाहेर एकच उदाहरण घेतों, तें कागद राहिले म्हणून. मुंबईंत ना. म. जोशी ह्यांच्या सोशल सर्व्हिस लीगनें १९११ पासून गिरणकामगारांच्या वस्तींत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. नागपाड्यांत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनीं १९२७ च्या सुमारास ‘नेबरहुड हाऊस’ उभें केलें. वस्तींतल्या सर्व धर्मांच्या मुलांना संध्याकाळीं खेळ, वाचन व छंद ह्यांसाठीं ती जागा खुली होती. तेथेंच १९३६ सालीं टाटांच्या विश्वस्त निधीच्या साह्यानें समाजकार्याच्या शिक्षणाची पहिली संस्था सुरू झाली. हा प्रयोग सर्वांना माहीत आहे, कारण मॅन्शार्ट लिहिणारे गृहस्थ होते आणि त्यांच्यामागें विश्वस्तांना पाठविण्याचे अहवाल होते. तेंच काम पेठेंतील वस्ताद मारुतीच्या देवळामागें, पगाराशिवाय व अहवालाशिवाय, कधींपासून करीत होता.

आतां माझ्या हातून घडलेली चूक. मी ज्या तालमींत जात असें तिचे वस्ताद वारल्यावर, आजपासून सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, त्यांचा मुलगा वह्यांनीं भरलेलें एक पोतें घेऊन माझ्याकडे आला. “तुम्ही जुने कागद ठेवता ना, गुरुजी?” असें त्यानें विचारलें. मीं वरच्या दोन-चार वह्या चाळल्या. नारळ, तेल, माती, पोरांचीं नांवें. त्या दिवसांत मी एका खंडित टीकेचीं पानें जुळवीत होतों. “ह्यांत ठेवण्याजोगें कांहीं नाहीं,” असें मीं त्याला सांगितलें, आणि तो बिचारा माझ्या शब्दावर विश्वासून पोतें रद्दीवाल्याकडे घेऊन गेला. कांहीं वर्षांनीं वाड्याची पुनर्बांधणी निघाली. तळमजल्यावरील जागेंत आळींतल्या मुलांची तालीम पूर्वापार चालत होती, ती जागा नव्या इमारतींतहि राखावी, असा अर्ज आम्हीं कांहीं जुन्या शिष्यांनीं केला. कचेरींत विचारणा झाली कीं, ह्यास कागद काय? साक्ष द्यावयास आम्ही सातजण उभे होतों. कागद एकहि नव्हता. तेथें आतां वाहनें उभीं राहतात.

बाईंच्या प्रश्नानंतर मी पुन्हां वस्तादांच्या घरीं गेलों. एक वही राहिली होती. राहण्याचें कारण असें कीं, तिच्या मागल्या कोऱ्या पानांवर वस्तादांच्या पत्नीनें आपल्या हातानें आरत्या उतरल्या होत्या, आणि त्यामुळें ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत होती. वही तांबड्या कापडी बांधणीची, लांबट, व्यापाऱ्यांच्या चोपडीच्या घाटाची. काळ १९६७ ते १९७०. अक्षर बाळबोध, पण रकमा आण्यांत. नवे पैसे १९५७ सालीं आले, तरी वस्तादांच्या लेखीं वर्गणी आठ आणेच आहे आणि तेल पावशेरच. डावीकडे मुलाचें नांव व आळी, उजवीकडे जमा. जमेंत नाणें कमी, वस्तु अधिक : नागपंचमीचा नारळ, गोड्या तेलाची बाटली, हौद्यांत घालावयास ताक, तांबड्या मातीची पाटी. एका मुलाच्या नांवापुढें ‘वडिलांनीं चुना दिला, भिंती झाल्या’ असें आहे. खर्चाच्या बाजूस मातीची गाडी, एरंडेल, कंदिलाची कांच, हनुमानजयंतीचा सुंठवडा. वस्तादांना स्वतःला कांहीं पोंचल्याची नोंद संबंध वहींत नाहीं. ते दिवसा एका लाकडाच्या वखारींत कामाला असत.

पुष्कळ नांवांपुढें नुसता ‘माफ’ हा शब्द आहे. कांहींपुढें ‘माफ, परत’ अशी जोडनोंद आहे, ती मला प्रथम कळली नाहीं. माफ केलेली वर्गणी परत कशी होईल? उलगडा माझ्या स्वतःच्या नांवापाशीं झाला. माझे वडील छापखान्यांत जुळारी होते. दर महिन्यास ते माझ्या मुठींत आठ आणे देत व मी ते वस्तादांच्या हातीं नेऊन देत असें, हें मला आजहि स्वच्छ आठवतें. वहींत माझ्या नांवापुढें तीन वर्षें ‘माफ, परत’ असें आहे. म्हणजे वस्ताद नाणें माझ्याकडून घेत, व तें वडिलांना मागाहून परत करीत. वस्तादांच्या मुलाला विचारतां त्यानेंहि तसेंच सांगितलें. शनिवारीं तोच कधीं कधीं तीं नाणीं घरोघर पोंचवी. वर्गणी देणाऱ्या व न देणाऱ्या पोरांत मातीवर भेद पडूं नये एवढाच हेतु. ह्या एका नोंदीमुळें माझी साठ वर्षांची स्मृति खोटी ठरली, आणि स्मृतीपेक्षां कागद थोर हें मुलांना आयुष्यभर शिकवून तें मला स्वतःला आतां कुठें पटलें.

तेव्हां सभासदांस विनंति आहे ती इतकीच. तालमींच्या व मेळ्यांच्या वर्गणीच्या वह्या, पावत्यांचीं बुडखीं, पदांचीं पुस्तकें, कुस्त्यांच्या फडाचीं हस्तपत्रकें, मागें नांवें लिहिलेलीं छायाचित्रें, भोंडल्याच्या वह्या, ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास तें ठेवून घ्यावें. निदान रद्दींत जाण्यापूर्वीं त्याची नक्कल करावी. हे कागद बाजारांत वजनावर विकले जातात आणि बहुतेक दसरा-दिवाळीच्या झाडलोटींत बाहेर पडतात, म्हणून पेठांत फिरावयाचें तें भाद्रपद संपतांच. वाडे पाडण्यापूर्वीं माळा पाहावा. पन्नास वर्षांचा कागद जुना नव्हे असें म्हणून तो टाकूं नये. शंभर वर्षांचा होण्यासाठीं त्याला आधीं पन्नास वर्षांचें व्हावेंच लागतें. आणि एखाद्या जागेंत मुलें जमत होतीं ह्याचा पुरावा त्या कागदांत असेल, तर तो संग्राहकाच्या कपाटापेक्षां त्या जागेच्या कामीं आधीं पडावा.

शेजारच्या बाईंना मीं वहींतला आंकडा सांगितला : आठ आणे, नाहीं तर नारळ, नाहीं तर माफ. त्या हंसल्या. दोन आळ्यांपलीकडे एका शाळेच्या पटांगणांत माझा एक जुना विद्यार्थी मल्लखांब शिकवितो. मुलींना दोरीचा मल्लखांबहि शिकवितो. दोन्ही मुलें आतां तेथें जातात. मुलगा पहिल्या आठवड्यांत कंटाळला होता. मुलगी दोरी सोडावयास तयार नाहीं. पटांगण सध्या वर्षाच्या परवानगीवर मिळालें आहे, आणि रोजची हजेरी शाईनें, तारीख घालून लिहीत जा, एवढी एकच सूचना मीं त्या विद्यार्थ्याला केली आहे.

वहीची नक्कल पुरी होत आली आहे. ती छायाचित्रांसह मंडळाच्या दप्तरीं ठेवण्यांत येईल. मूळ वही मात्र वस्तादांच्या घरीं परत जाईल. त्या घरांत आरत्या अजून तींतूनच म्हणतात.